आधी भीत ठोकी देख: टीव्हीसाठी गिट्टी की फास्टनर?

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) चार दिवस होते आणि पारोळ्याहून मामांचा फोन आला, "भाच्या, टीव्ही एका बाजूने खाली येतोय रे." लेकी-जावई येणार म्हणून त्यांनी ५५ इंची टीव्ही घेतला होता आणि आदल्याच दिवशी दुकानाच्या पोराने तो भिंतीवर बसवून दिला होता. मी अमळनेरहून पोहोचलो तोवर मामींनी खाली दोन गाद्या रचल्या होत्या आणि टीव्हीला टेबलाचा टेका दिला होता. आम्ही दोघांनी तो अलगद उतरवला. ब्रॅकेटचा वरचा बोल्ट मी दोन बोटांनी ओढला, तर तो सरळ हातात आला. त्याच्यामागून मूठभर तपकिरी माती गळाली.

बोल्टमध्ये खोट नव्हती. चांगला १० मिलिमीटरचा लोखंडी फास्टनर होता. मामांना हेच कळेना: "मी मुद्दाम सांगितलं होतं, प्लास्टिकची गिट्टी नको, फास्टनरच मार. पैसे जास्त दिले."

इलेक्ट्रिकलचं काम करताना हा समज मला घरोघर भेटतो. लोकांना वाटतं, गिट्टी म्हणजे कच्चं काम आणि फास्टनर म्हणजे त्याचाच पक्का अवतार. तसं नाही. दोघं भोकात जातात, दोघं आत फुगतात, इथवरच साम्य. भिंतीला धरायची त्यांची रीत वेगळी आहे.

गिट्टी म्हणजे रावल प्लग, भोकात बसवून ज्यात स्क्रू पिळायचा ती नळी. (बांधकामावर गिट्टी म्हटलं की खडी येते, ती ही नव्हे.) जुने वायरमन भिंत कोरून लाकडाचा तुकडा सिमेंटमध्ये बसवत आणि त्यात स्क्रू पिळत, तीच कल्पना. इंग्लंडमध्ये जॉन रॉलिंग्ज यांनी १९१० च्या सुमारास तंतूंचा तयार प्लग काढला, त्यांच्याच नावावरून आपला 'रावल' शब्द आला. पुढे १९५८ मध्ये जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी नायलॉनची गिट्टी केली. स्क्रू आत शिरतो तशी ती फाकते आणि भोकाच्या सगळ्या लांबीला चिकटून बसते. दाब कुठे एका जागी येत नाही, पसरतो. म्हणून भाजलेल्या विटेला ती मानवते.

फास्टनरमध्ये बोल्टच्या टोकाला शंकूसारखा जाड भाग असतो आणि त्यावर पत्र्याची नळी. नट आवळला की शंकू मागे ओढला जातो आणि नळीला आतून फाकवतो. सगळा जोर त्या बोटभर जागेवर. हा जोर सोसायला समोर काँक्रीट लागतं. कॉलम, बीम, स्लॅब इथे फास्टनरला तोड नाही. विटेत तोच जोर वीट फोडतो, काठाजवळ असला तर कोपराच उडवतो. मातीत तर तो फुगत जातो आणि माती बाजूला सरकत जाते. ओळखायचं कसं? काँक्रीटमध्ये पाना दोन-चार फेऱ्यांत जड होतो. जड न होता नट नुसता फिरतच राहिला, तर तिथेच थांबा. तो फास्टनर काहीही धरत नाहीये.

म्हणजे खरा प्रश्न भिंतीचा आहे, आणि आपल्या खान्देशात तो जास्तच आहे. एकाच घराला तीन काळांच्या भिंती असतात. पुढची बैठक धाब्याची, दीड-दोन हात जाड मातीची; मागच्या खोल्या विटांच्या; वरचा नवा मजला पांढऱ्या हलक्या ब्लॉकचा. सगळ्यांवर सिमेंटचं प्लास्टर आणि एकच रंग. बाहेरून सगळ्या पक्क्या. आमच्या आजीची अहिराणी सूचना खिळ्यासाठी होती, पण ड्रिललाही तीच लागू पडते: "आधी भीत ठोकी देख, मंग भोक पाड."

ठोकून भरीव-पोकळ कळतं, पण खरी कुंडली ड्रिलची पावडर सांगते. ६ मिलिमीटरचा बिट घेऊन ब्रॅकेटमागे झाकलं जाईल अशा जागी एक भोक पाडा आणि खाली कागद धरा. पहिली बोटभर पावडर प्लास्टरची, ती सोडून द्या. त्यानंतर लाल आली तर वीट. करडी आली आणि बिट दमायला लागला तर काँक्रीट. पांढरी, मऊ आणि बिट लोण्यात गेल्यासारखा गेला तर हलका ब्लॉक. तपकिरी आली तर माती. लाल येता येता मध्येच करडी येऊन बिट सैल पडला, तर तुम्ही दोन विटांमधल्या सांध्यात आहात. भोक थोडं सरकवा.

विटेला ८ किंवा १० मिलिमीटरची चांगली नायलॉन गिट्टी, आणि ती प्लास्टरच्या पुढे पूर्ण विटेत गेली पाहिजे. प्लास्टरमध्ये अर्धी अडकलेली गिट्टी म्हणजे अर्धीच पकड. भोकातली धूळ फुंकून किंवा पिचकारीने काढल्याशिवाय गिट्टी घालू नका; धूळ राहिली की ती आत घसरते. बिटही पाकिटावर लिहिलेल्या मापाचाच. हलक्या ब्लॉकला त्याच्यासाठी बनवलेली लांब गिट्टी मिळते, आणि तिथे ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देत भोक पाडायची सोय, बंद ठेवायचा. स्विचबोर्डच्या सरळ वर कुठल्याच भिंतीत भोक पाडू नका, पाइप तिथूनच वर जातो.

मातीच्या भिंतीला दोन्ही नकोत. भिंतीमागची बाजू मोकळी असेल तर आरपार बोल्ट आणि पलीकडे रुंद लोखंडी पट्टी हा एक मार्ग, पण मी तरी टेबलच सुचवतो.

ब्रॅकेटही यात आला. भिंतीला चिकटून बसणारा फिक्स ब्रॅकेट असेल तर वजन बहुतेक खाली जातं. बाहेर ओढता येणाऱ्या हाताचा असेल तर वरचे स्क्रू भिंतीतून उपसले जातात. हिशेब करून बघा. टीव्ही १८ किलोचा, प्लेटच्या वरच्या-खालच्या स्क्रूंत अंतर २० सेंटीमीटर. टीव्ही भिंतीपासून ६ सेंटीमीटरवर असेल तर वरच्या स्क्रूंवर मिळून साधारण साडेपाच किलोची ओढ येते. तोच ४५ सेंटीमीटर बाहेर ओढला की चाळीस किलोची. वर नातवाने धरून झुलवला तर वेगळंच. हाताचा ब्रॅकेट हवाच असेल तर काँक्रीटचा कॉलम शोधा आणि तिथे खुशाल फास्टनर मारा.

मामांकडे मी मागच्या खोलीत कागद धरून भोक पाडलं. प्लास्टर गेलं आणि लालभडक पावडर आली. फिक्स ब्रॅकेटला सहा गिट्ट्या मारल्या, प्रत्येक स्क्रू शेवटी हाताने पिळला, आणि टीव्ही लावण्याआधी रिकाम्या ब्रॅकेटला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. बैठकीतली भोकं मामींनी मातीनेच बुजवली. आखाजीला लेकी आल्या तेव्हा टीव्ही मागच्या खोलीत चालू होता आणि बैठकीत खापरावरच्या मांड्यांची पंगत बसली होती.