नोकरी स्वतः शोधली, तरी स्पॉन्सर लागतोच
‘अमेरिकेत उन्हाळी नोकरी मिळाली की थेट व्हिसा काढा, एजन्सी कशाला?’ हे अर्धंच खरं. जे-1 समर वर्क ट्रॅव्हल, म्हणजे कॉलेज विद्यार्थ्यांना सुट्टीत अमेरिकेत काम करू देणारा कार्यक्रम. त्याच्या व्हिसासाठी लागणारा पात्रतेचा डीएस-2019 फॉर्म हॉटेलमालक देऊच शकत नाही. अमेरिकी परराष्ट्र खात्याची मान्यता असलेला स्पॉन्सर ऑफर तपासून तो देतो. टाळता येतो तो मधला एजंट, तेही स्पॉन्सर थेट अर्ज घेत असेल तर. डीएस-160 (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) आणि 35 डॉलरची सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी यंत्रणेची फी) घरबसल्या भरता येते. मात्र फी भरताना डीएस-2019 वरचा ‘एन’ने सुरू होणारा क्रमांक जसाच्या तसा टाका, एक आकडा चुकला, तर भरलेली फी तुमच्या नोंदीवर दिसत नाही. ‘व्हिसाची हमी’ तर निव्वळ थाप! शिक्षण पुरं करायला परतणार, हे मुलाखतीत तुम्हालाच पटवावं लागतं.