कवळी : परवडणारा उपचार आणि दंतसेवक निवडण्याचा हक्क

पडलेल्या दातांच्या जागी हिरडीवर बसवला जाणारा, काढता-घालता येणारा कृत्रिम दातांचा संच म्हणजे कवळी. साध्या मिळकतीच्या माणसाला झेपेल अशा खर्चात कवळी मिळावी आणि ती कोणाकडून करून घ्यायची हे ठरवण्याचा हक्क ती वापरणाऱ्याला असावा, या दोन मागण्यांसाठी विसाव्या शतकात अनेक देशांत मोहिमा झाल्या आणि काही ठिकाणी त्यांच्यामुळे कायदे बदलले. गोव्यात हा प्रश्न बाजूला टाकण्याजोगा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येत साठ वर्षांवरील माणसांचे प्रमाण सुमारे ११.२ टक्के होते आणि या बाबतीत केरळनंतर गोव्याचाच क्रमांक लागत होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मुखारोग्य अहवालानुसार जगभरात साठीपुढच्या सुमारे २३ टक्के लोकांच्या तोंडात एकही दात उरलेला नसतो.

तोंडाचे बोळके झाले की पहिला बदल ताटात दिसतो. उकड्या तांदळाची पेज, आटवल, वरणात कालवलेला मऊ भात यांवर दिवस निघतो. भाकरी, सुके मासे, कोशिंबीर, काजू आणि फणसाचे गरे हळूहळू सुटतात. जत्रेहून आणलेले खाजे घरात सगळ्यांना वाटले जाते, पण आजीच्या वाट्याला आलेला तुकडा तिच्या हातातच राहतो. चावण्याची ताकद गेल्याने आहारातील तंतू आणि प्रथिने कमी होतात. बोलणे अस्पष्ट झाल्याने चारचौघांत बसणेही कमी होते. म्हणून कवळीला शोभेची वस्तू समजणे ही या विषयातली मूळ चूक आहे. चष्मा, श्रवणयंत्र किंवा कुबडी जितकी गरजेची, तितकीच कवळी गरजेची आहे, आणि या नोंदीतील बाकी सर्व मुद्दे या एका गोष्टीवर उभे आहेत.

कवळी कशी घडते

कवळीची किंमत आणि निवड यांविषयी काही बोलण्याआधी ती कशी घडते हे माहीत हवे, कारण खर्च कुठे होतो आणि काम कोण करते हे त्यातूनच कळते. दात काढल्यावर हिरडी भरून यायला व हाडाचा आकार स्थिरावायला साधारणपणे दीड ते तीन महिने जातात. त्यानंतर तोंडाचा पहिला ठसा घेतला जातो, त्यावरून प्लास्टरचा साचा बनतो, साच्यावरून त्याच माणसाच्या तोंडाच्या मापाचा ट्रे तयार होतो आणि त्या ट्रेने दुसरा, अधिक बारकाव्याचा ठसा घेतात. मग मेणाच्या पट्ट्या वापरून वरचा आणि खालचा जबडा किती अंतरावर व कोणत्या स्थितीत मिटतो याची नोंद होते. त्या नोंदीप्रमाणे लॅबमध्ये मेणावर दात मांडले जातात.

पुढची पायरी ‘ट्रायल’ची, आणि उत्तम कवळी व कपाटात पडून राहणारी कवळी यांतला फरक बहुतेकदा इथेच ठरतो. मेणातली कवळी तोंडात घालून रुग्णाला आरशासमोर बसवतात आणि बोलायला लावतात. साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट असे मोजताना ‘स’ शिट्टीसारखा वाजला किंवा दात एकमेकांवर आपटले, तर मांडणीत बदल हवा. ‘वाळपई’, ‘वाफ’, ‘विहीर’ म्हणताना वरच्या पुढच्या दातांची कड खालच्या ओठाला कशी टेकते यावरून त्यांची लांबी पारखता येते. दातांचा रंग, ओठांचा फुगवटा, हसताना हिरडी किती दिसते, हे सारे याच बैठकीत बदलता येते. मेणाचे ॲक्रिलिक, म्हणजे कडक प्लास्टिक, झाले की बदल अवघड होतो. घाईत ही बैठक गाळली गेली तर रुग्णाचा निवडीचा सर्वांत साधा हक्कच गाळला जातो, असे म्हणायला हवे.

ट्रायल पटल्यावर मेण वितळवून त्या जागी पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट हे ॲक्रिलिक भरून उष्णतेने पक्के करतात. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा पदार्थ आला आणि त्याने गंधकाने कडक केलेल्या काळपट रबराची जागा घेतली. कवळी हाती आल्यावरही काम संपत नाही. पहिल्या काही आठवड्यांत टोचणाऱ्या जागा घासून घ्याव्या लागतात. म्हणजे पूर्ण कवळीसाठी पाच-सहा खेपा हे गृहीतच धरावे लागते.

काम करणारे दोघे

वरच्या वर्णनातून दिसते की ठसे घेणे, जबड्यांची नोंद करणे, ट्रायल घेणे आणि कवळी बसवणे हे तोंडात करायचे काम दंतवैद्याचे, तर साचा, दातांची मांडणी आणि ॲक्रिलिक हे बाकावरचे काम बहुतांशी लॅबमधल्या तंत्रज्ञाचे असते. भारताच्या १९४८ च्या दंतवैद्य कायद्यात या तंत्रज्ञाला ‘डेंटल मेकॅनिक’ म्हटले आहे: जो कवळ्या व दातांची इतर साधने बनवतो किंवा दुरुस्त करतो तो. पण त्याच कायद्याने दंतवैद्यकाची व्याख्या करताना कवळी बसवण्यासाठी रुग्णावर केलेला कोणताही उपचार, दिलेला सल्ला आणि केलेली तयारी त्या व्याख्येत घातली आहे. त्यामुळे ज्याच्या हातून कवळी प्रत्यक्ष घडते त्याला ती वापरणाऱ्याचे तोंड तपासता येत नाही, आणि रुग्णाला सहसा तो माणूस दिसतही नाही. हा कायदा बदलून त्याजागी राष्ट्रीय दंत आयोग आणणारा कायदा २०२३ मध्ये संमत झाला.

इतर देशांतील मोहिमांनी बोट ठेवले ते नेमके या ठिकाणी. तंत्रज्ञाला पुरेसे वैद्यकीय शिक्षण द्या, त्याची परीक्षा घ्या, नोंदणी करा आणि मग रुग्णाला थेट त्याच्याकडे जाऊ द्या, अशी त्यांची मांडणी होती. अशा व्यावसायिकाला इंग्रजीभाषक देशांत ‘डेंचरिस्ट’ किंवा तत्सम नावे आहेत. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया राज्याने १९५७ मध्येच तसा कायदा केला. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १९७० च्या दशकात कायदेशीर मान्यता मिळाली आणि आज तो कॅनडाभर मान्य व्यवसाय आहे. २०२३ च्या अखेरीस तिथे सुरू झालेल्या केंद्रीय दंतसेवा योजनेत डेंचरिस्टकडे केलेली कवळीही धरली जाते. अमेरिकेत विधिमंडळे हलली नाहीत तेव्हा प्रश्न थेट मतपेटीपर्यंत गेला. ओरेगॉन राज्यात १९७८ मध्ये मतदारांनी जनमताने ही मुभा दिली, आयडाहोत १९८२ मध्ये, मोंटानात १९८४ मध्ये आणि वॉशिंग्टन राज्यात १९९४ मध्ये. कवळीसाठी लोकांनी मतदान करावे हे आपल्याकडे नवलाचे वाटेल; पण पेन्शनवर जगणाऱ्या हजारो माणसांच्या रोजच्या जेवणाचा तो प्रश्न होता.

ब्रिटनचा अनुभव किमतीच्या बाजूने शिकवणारा आहे. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा कवळ्या मोफत होत्या आणि वर्षानुवर्षे दबलेली मागणी एकदम उसळली. १९५१ मध्ये सरकारने कवळ्या व चष्म्यांवर शुल्क आणले, तेव्हा त्या सेवेचे शिल्पकार अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

यावरचा मुख्य आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो गांभीर्यानेच घ्यायला हवा. कवळीसाठी आलेल्या माणसाच्या तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा गाठ असू शकते. तंबाखू व मशेरीची सवय असलेल्या समाजात तर ही तपासणी टाळणे जिवावर बेतू शकते. ब्रिटनने यावर एक मधला मार्ग काढला आहे: नोंदणीकृत क्लिनिकल डेंटल टेक्निशियन दात पूर्ण गेलेल्या माणसाला थेट कवळी देऊ शकतो, पण काही दात शिल्लक असतील तर आधी दंतवैद्याची तपासणी व लेखी सूचना लागते. भारतात उद्या अशी वाट काढायची झाली तर तोंडाच्या कर्करोगाची तपासणी सर्वच रुग्णांसाठी सक्तीची ठेवावी, असे या नोंदकर्त्याचे मत आहे. शिवाय निवडस्वातंत्र्य म्हणजे कोणाही अप्रशिक्षित माणसाला मोकळीक नव्हे. रस्त्याकडेला बसून शेजारच्या दातांना तार गुंडाळून किंवा थंड ॲक्रिलिक चिकटवून ‘पक्का दात’ बसवणारे देशात अनेक ठिकाणी आढळतात. त्या दाताखाली अन्न कुजते, हिरडी सुजते आणि चांगले दातही जातात. स्वस्त आणि कायदेशीर सोय जिथे नसते, तिथेच त्यांचे गिऱ्हाईक तयार होते.

गोव्यातील स्थिती

गोव्यात कवळीसाठी वाटा मुख्यतः दोन: बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय व रुग्णालय, किंवा खासगी दवाखाना. १९८० मध्ये स्थापन झालेले हे शासकीय महाविद्यालय राज्यातील दंतोपचाराचा मोठा आधार आहे; तिथे खासगीच्या तुलनेत खर्च कमी पडतो आणि प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम होते. मात्र कवळीचा खर्च पावतीवरच्या आकड्यापुरता नसतो. काणकोणहून बांबोळी साठाहून अधिक किलोमीटर आहे. पेडणे, सत्तरी किंवा सांग्याच्या आतल्या वाड्यावरून आधी बसथांबा गाठायचा, मग कदंब किंवा खासगी बस बदलत पोचायचे, आणि म्हाताऱ्या माणसाला एकट्याने पाठवत नाहीत म्हणून सोबत मुलाने किंवा सुनेने दिवसाची मजुरी सोडायची. हे पाच-सहा वेळा. तिसऱ्या खेपेनंतर कवळी अर्धवट सोडून दिली गेली तर तो दोष रुग्णाच्या चिकाटीचा नव्हे, व्यवस्थेच्या अंतराचा आहे. ठसा, ट्रायल आणि घासणी या बैठका तालुक्याच्या आरोग्यकेंद्रात, दंतवैद्याच्या ठरलेल्या वारी व्हाव्यात आणि फक्त साचा लॅबकडे जावा, ही गोव्यासाठी सर्वांत फलदायी ठरेल अशी मागणी आहे. राज्य लहान असल्याने साचे सकाळी निघून दुपारपर्यंत कुठल्याही टोकाहून बांबोळीला पोचू शकतात.

खासगी क्षेत्रात दुसरी अडचण आहे. परदेशी पाहुणे आणि सुटीवर आलेले अनिवासी गोमंतकीय दातांची कामे इथेच उरकून घेतात. इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवलेला दात) आणि पक्के पूल (शेजारच्या दातांना जोडून कायमचे बसवलेले दात) यांकडे ओढा असलेल्या या बाजारात साधी ॲक्रिलिकची कवळी मागे पडते, आणि तीही एक रास्त पर्याय आहे हे रुग्णाला कित्येकदा सांगितलेच जात नाही. आरोग्यविमाही इथे फारसा कामाला येत नाही, कारण त्याची रचना रुग्णालयात दाखल होण्याभोवती असते, तर कवळी ही खुर्चीत बसून होणारी, दाखल न होता मिळणारी सेवा आहे.

सरकारी आधार कसा असू शकतो हे इतर राज्यांत दिसते. कर्नाटकाने २०१४ मध्ये ‘दंतभाग्य’ योजनेतून दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना मोफत कवळी देणे सुरू केले; केरळची ‘मंदहासम्’ योजना त्याच हेतूची आहे. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत, जी १ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाली, काठी, वॉकर, चाकांची खुर्ची, श्रवणयंत्र आणि चष्म्याबरोबर कृत्रिम दातांचाही समावेश आहे. ही नोंद महत्त्वाची आहे, कारण कवळी हे गरजेचे साधन असल्याचे शासनाने त्यातून मान्य केले आहे. पण काठी शिबिरात एका दिवसात वाटता येते, कवळी येत नाही. शिबिराला तालुक्यातल्या दंतवैद्याच्या पुढच्या भेटी जोडल्याशिवाय योजनेतला हा शब्द कागदावरच राहण्याचा धोका आहे.

निवडीचा हक्क आजच्या कायद्यातही अगदीच पोकळ नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची १७ कलमी सनद मांडली. तीत दुसरे मत घेण्याचा, दर आधी कळण्याचा, आपली कागदपत्रे मिळण्याचा हक्क आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले. कवळीपुरता याचा अर्थ असा की काम सुरू होण्याआधी लेखी अंदाजपत्रक मागता येते, त्यात दंतवैद्याची फी आणि लॅबचा खर्च वेगवेगळे दाखवायला सांगता येते, वापरले जाणारे दात व ॲक्रिलिक कोणत्या कंपनीचे हे विचारता येते, आणि पटले नाही तर दुसरीकडे जाता येते. हे कागद कोकणीत किंवा मराठीत मिळाले पाहिजेत. इंग्रजी छापील अर्जावर अंगठा किंवा सही घेऊन मिळवलेली संमती ही निवड नव्हे.

कवळी हाती आल्यानंतरची सेवा हा मोहिमांतही मागे पडणारा भाग आहे. दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजतच राहते, आणि खालच्या जबड्यात ही झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट होते असे दीर्घकालीन पाहणीत आढळले आहे; म्हणूनच खालची कवळी आधी सैल होते आणि तक्रारी तिच्याच जास्त असतात. पाच ते सात वर्षांत आतून नवा थर देणे किंवा कवळी बदलणे भाग पडते. मोफत योजना एकाच कवळीवर थांबली तर सातव्या वर्षी माणूस पुन्हा पेजेवर येतो. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवणे, रोज मऊ ब्रशने व साबणाने घासणे, उकळत्या पाण्यात कधीही न टाकणे, ही माहिती तोंडी न देता चिठ्ठीवर लिहून द्यायला हवी. रात्रंदिवस कवळी घालून ठेवल्यास टाळूवर बुरशीचा लाल चट्टा उठतो. वृद्धाश्रमात किंवा रुग्णालयात धुताना कवळ्यांची अदलाबदल होते, म्हणून ॲक्रिलिक भरतानाच आतल्या बाजूला नावाची छोटी पट्टी बसवून घेता येते. त्यासाठी लागणारा जादा वेळ लॅबमध्ये काही मिनिटांचाच असतो, फक्त ठसा पाठवताना ते नाव सोबत लिहून पाठवावे लागते.