नित्यसेवनीय आहार : आयुर्वेदाची यादी आणि पुण्याचे स्वयंपाकघर

निरोगी माणसाने रोज खाल्ला तरी बाधत नाही, उलट अंगी लागतो, अशा आहाराला आयुर्वेदात नित्यसेवनीय म्हणतात. ‘पथ्य’ या शब्दाचा मूळ अर्थही याच्या जवळचाच आहे. आज पथ्य म्हटले की आजारपण डोळ्यांपुढे येते आणि ‘पथ्यपाणी सांभाळा’ हे आपण दुखणेकऱ्यालाच सांगतो. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथातली व्याख्या वेगळी आहे : शरीराच्या मार्गांना जे अपाय करत नाही आणि मनालाही जे रुचते, ते पथ्य. मनाला रुचण्याची अट व्याख्येतच घातलेली आहे, आणि नाक मुरडत गिळलेल्या अन्नाला पथ्य म्हणणाऱ्यांनी ती एकदा वाचायला हवी.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पाचव्या अध्यायात, म्हणजे ‘मात्राशितीय’ अध्यायात, रोजच्या पदार्थांची यादी एकाच श्लोकात येते. साठ दिवसांत पिकणारा षष्टिक तांदूळ, शाली तांदूळ, मूग, सैंधव, आवळा, जव, पावसाचे पाणी, दूध, तूप, जांगल म्हणजे कोरड्या मुलखातल्या प्राण्यांचे मांस आणि मध, अशा या अकरा वस्तू. त्यांचा ‘अभ्यास’ करावा, म्हणजे त्या अंगवळणी पाडाव्यात, असे तिथे सांगितले आहे. त्याच्या आधी दुसरी यादी आहे, ती सवय लावू नये अशा पदार्थांची : सुकवलेले मांस, वाळवलेल्या भाज्या, मासे, दही, उडीद वगैरे. हे पदार्थ निषिद्ध नाहीत. सणावाराला, चवीपालटाला ते चालतात; रोजच्या पानात त्यांना जागा नाही, इतकेच. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या ग्रंथात रोजच्या पदार्थांच्या पहिल्या यादीत गहू, कोवळा मुळा, चाकवत, द्राक्षे, डाळिंब, हिरडा, पटोल (पडवळाच्या जातीची भाजी) आणि साखर यांची भर पडते.

चरक आणि वाग्भट यांच्या रोजच्या पदार्थांच्या दोन्ही याद्यांत दुर्मीळ असे जवळजवळ काहीच नाही. आज आरोग्याच्या नावाने महागड्या पुड्या आणि डबे विकले जातात. जुन्या वैद्यांनी मात्र तांदूळ, मूग, तूप, आवळा ही घरात असलेलीच नावे घेतली. आयुर्वेद म्हणजे शाकाहार असा जो समज पुण्याच्या पेठांत पक्का झाला आहे, त्यालाही या याद्यांत आधार नाही. चरकाच्या अन्नपानविधी अध्यायात आहाराचे बारा वर्ग आहेत आणि त्यांतला एक संपूर्ण वर्ग मांसाचा आहे. मटण शिजवताना मसाला घालण्याआधी काढून ठेवलेले अळणी पाणी लहान मुलांना, आजाऱ्याला आणि बाळंतिणीला वाटीत देण्याची मराठा घरांतली रीत मांसरसाच्या, म्हणजे मांस शिजवलेल्या पाण्याच्या, जुन्या कल्पनेला धरूनच आहे.

पदार्थाचा गुण एकट्या पदार्थावर ठरत नाही, हा या विचाराचा कणा. मुळात तो कसा आहे, कसा शिजवला, कशाबरोबर खाल्ला, किती खाल्ला, कुठल्या मुलखात, कुठल्या ऋतूत, कोणत्या नियमाने आणि खाणारा कोण, अशी आठ अंगे चरकाने मोजली आहेत. या सगळ्यांच्या मुळाशी अग्नी, म्हणजे पचवण्याची ताकद. आधीचे जेवण जिरल्याशिवाय पुढचे घेऊ नये आणि पोटाचे चार भाग कल्पून दोन भाग अन्नाला, एक पाण्याला द्यावा व चौथा वायूसाठी मोकळा सोडावा, हे वाग्भटाचे माप आहे. ‘चार घास कमी जेवावे’ हे घरोघरचे वाक्य याच मापाचे मराठी रूप म्हणता येईल.

पुण्याचे पान

पुण्याच्या जुन्या वळणाच्या घरातले पान नीट पाहिले की यातले बरेच काही दिसू लागते. डाव्या बाजूला मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजव्या बाजूला भाजी आणि आमटी. मध्ये मऊ भाताची मूद, तिच्यावर पिवळे वरण आणि वरणावर पळीभर पातळ तूप. जेवण सुरू होते ते या वरणभातापासून. मग पोळीभाजी, आणि शेवट ताकभाताने. आधी गोड, मध्ये आंबट-खारट, शेवटी उरलेले तिखट, कडू, तुरट रस असा जेवणाचा क्रम सुश्रुतसंहितेत सांगितला आहे. वरणभात आणि तूप हे मधुर रसाचे. ताकाला आंबटपणाबरोबर तुरटपणा असतो. जेवणानंतरची सुपारी तर तुरटच. हा क्रम कोणी ग्रंथ उघडून लावलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या वाढणाऱ्या हातांनी तो सांभाळला आहे.

भाताला पुण्यात आंबेमोहोराचा मान. मुळशी-मावळच्या डोंगरउतारावरचा हा आखूड, सुवासिक तांदूळ मऊ शिजतो, म्हणून लहान मुलांचा गुरगुट्या भात आणि आजाऱ्याची पेज त्याचीच करतात. त्याच्याच वंशातला इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने तयार केला, तो १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला आणि आता कित्येक घरांत रोजचा तोच आहे. नवे धान्य जड आणि वर्षभर जुने झालेले हलके, हे ग्रंथातले मत वाण्याच्या दुकानात ‘जुना आहे ना?’ या प्रश्नाच्या रूपाने अजून ऐकू येते. पाण्याच्या प्रमाणावरून भाताचे हलके-जडपण ठरते : शारंगधरसंहितेत पेजेच्या घट्टपासून पातळपर्यंतच्या तीन प्रकारांपैकी विलेपीला चौपट, यवागूला सहापट आणि पेयेला चौदापट पाणी सांगितले आहे. ताप उतरल्यावर आधी पेज, मग मऊ भात, मग मेतकूट-तूप-भात, मग नेहमीचे जेवण असा जो क्रम घरातली आजी लावते, तोच पंचकर्मानंतर, म्हणजे शरीरशुद्धीच्या उपचारांनंतर, वैद्य ‘संसर्जनक्रम’ म्हणून सांगतात.

वरणात मात्र पुणे आणि चरक यांची वाट थोडी वेगळी होते. डाळींच्या वर्गात चरकाने मूग सर्वांत हितकर मानला आणि उडीद सर्वांत अहितकर. पुण्यात रोज शिजते ती तूर. तूर कफपित्त कमी करणारी पण वातल, म्हणजे वात वाढवणारी, असे चरकाचे मत. तिच्यात हिंग-हळद घालायची आणि वर तूप सोडायचे, ही वातावरची तोड झाली. बिनतुपाचे वरण वाढणे पुण्यात कमीपणाचे समजतात, त्यामागे आदरातिथ्य आहे तसे हे कारणही असावे. मुगाला जागा मिळाली ती मुगाच्या कढणात आणि खिचडीत, म्हणजे पोट बिघडल्यावर. मुगाचे वरण आठवड्यातून निदान दोनदा तरी निरोगी घरात व्हावे, असे मनापासून वाटते.

तूप आणि ताक

घरचे तूप आणि ताक एकाच विरजणातून येतात. चारपाच दिवसांची साय साठवायची, कोमट करून विरजायची, दुसऱ्या दिवशी रवीने घुसळायची. लोण्याचा गोळा वर येऊ लागला की घुसळण्याचा आवाज बदलतो, जड होतो. तेव्हा गार पाण्याचा हबका मारायचा. लोणी दोनतीन पाण्यांनी धुऊन मंद आचेवर कढवायचे. फसफस थांबली, तळाशी बेरी तांबूस झाली की आच बंद. काही घरांत कढताना विड्याचे पान टाकतात. घुसळल्यावर लोण्याखाली राहते ते खरे ताक : लोणी निघालेले, हलके. दह्यात पाणी घालून ढवळले की ताक झाले, असे शास्त्र मानत नाही. भावप्रकाश या ग्रंथात घोल, मथित, तक्र, उदश्वित आणि छच्छिका असे पाच प्रकार पाणी व स्निग्धांश यांवरून वेगळे केले आहेत. तक्रात पाणी चौथा हिस्सा, उदश्वितात निम्मे.

ताकाबद्दल पुण्यातला एक समज इथे तपासायला हवा. उन्हाळ्यात ताक थंड पडते म्हणून ते भरपूर प्यावे, असे सगळेच म्हणतात. ग्रंथांत ताक उष्ण वीर्याचे, म्हणजे अंगात उष्णता वाढवणारे, मानले आहे. थंडीत, मंदाग्नीत, वाताच्या तक्रारींत ते उत्तम, आणि उष्णकाळी, अशक्ताला, चक्कर वा दाह असणाऱ्याला देऊ नये असे सांगितले आहे. म्हणून उन्हाळ्यात घ्यायचे तर ताजे, गोडसर, पातळ आणि जिरे-साखर घातलेले घ्यावे. वातासाठी सैंधव, पित्तासाठी साखर, कफासाठी सुंठ-मिरे-पिंपळी, अशी जोडही ठरलेली आहे. दह्याचे नियम याहून कडक : रात्री नको, गरम करून नको, तूप-साखर, मुगाचे कढण, मध किंवा आवळा यांपैकी कशाची तरी जोड हवी, आणि शरद, ग्रीष्म, वसंत या ऋतूंत शक्यतो टाळावे.

मंडई आणि ऋतू

महात्मा फुले मंडई १८८६ साली रे मार्केट या नावाने उघडली. थंडीत तिथे फेरी मारली तर वाग्भटाची यादी टोपल्यांत मांडलेली दिसते. चाकवत म्हणजेच ग्रंथातला वास्तुक. त्याची ताकातली पातळ भाजी, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालून, पुण्याच्या घरांत हौसेने होते. मुळा घेताना बोटाएवढा, नखाने सहज खुडला जाणारा निवडावा. कोवळा मुळा हितकर आणि जून झालेला वात, पित्त, कफ हे तिन्ही दोष वाढवणारा, असा फरक ग्रंथात स्पष्ट आहे. पुरंदर, बारामती, इंदापूरकडून येणारे डाळिंबही त्या यादीतलेच.

आवळ्याचे तर पुण्यात वेगळे प्रेम. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली डबे घेऊन जाऊन जेवायचे, त्याला आवळीभोजन म्हणतात. मग डिसेंबरभर मोरावळा, आवळासुपारी, आवळ्याचे लोणचे. खारट सोडून बाकी पाचही रस या एका फळात मानले आहेत, आणि आंबट असूनही ते पित्त वाढवत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. जीवनसत्त्व ‘क’ त्यात भरपूर असते, हे आजचे रसायनशास्त्रही सांगते.

सणांचे पदार्थ आणि ऋतुचर्या यांचा मेळ पुष्कळ ठिकाणी बसतो. हेमंत-शिशिरात अग्नी प्रखर असतो, म्हणून जड आणि स्निग्ध चालते : भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि भोगीची भाजी, संक्रांतीला तीळगूळ. वसंतात कफ पातळ होतो, तेव्हा गुढीपाडव्याला कडुनिंबाची कोवळी पाने गूळ, जिरे, ओवा, हिंग, मीठ घालून वाटायची. पावसाळ्यात अग्नी मंद, म्हणून जुने धान्य, मुगाचे कढण, उकळलेले पाणी. चातुर्मासात एकभुक्त राहण्याची चाल त्याला जुळते. शरदात पित्त वाढते, आणि ते शमवणारे आटवलेले दूध कोजागिरीला येते.

तरीही प्रत्येक रीत आयुर्वेदातूनच आली असे म्हणणे खरे नाही. ज्या पाडव्याला आपण कडुनिंब खातो, त्याच दिवशी श्रीखंड खातो. वसंतात दही टाळावे असे चरक म्हणतो. केळ्याचे शिकरण पुणेकरांचे लाडके, आणि चरकाने दुधाबरोबर विरुद्ध सांगितलेल्या फळांत ‘मोच’ म्हणजे केळे आहे. उपासाच्या साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, मिरची यांपैकी एकही वस्तू चरकाला ठाऊक असणे शक्य नव्हते. साबुदाण्याचा कंद धरून चारही पिकांचे मूळ अमेरिका खंडांत आहे. लंघनाचा, म्हणजे उपासाचा, हेतू पोट हलके ठेवण्याचा, आणि तुपात परतलेली ही खिचडी चांगलीच जड. वरीचे तांदूळ आणि ताक हा उपास त्या हेतूच्या जास्त जवळचा आहे. ज्वारी-बाजरी चरकाच्या रोजच्या यादीत नाहीत, पण इथल्या माणसाच्या त्या सात्म्याच्या झाल्या आहेत. सात्म्य, म्हणजे सवयीने शरीराला मानवलेले, याला शास्त्रानेच जागा ठेवली आहे.

पुण्यातील अभ्यासपरंपरा

आयुर्वेदाचे संस्कृत ग्रंथ छापील रूपात आणण्यात पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेचा वाटा आहे. ताकाची तोंड भरून स्तुती करणारा योगरत्नाकर हा ग्रंथ तिने प्रसिद्ध केला. सतराव्या शतकातील रघुनाथ गणेश नवहस्त यांचा भोजनकुतूहल हा ग्रंथ खाद्यपदार्थ आणि त्यांचे वैद्यकीय गुण यांबद्दल आहे, आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी त्यावर आणि भारतीय अन्नाच्या इतिहासावर चिकाटीने लिहिले. रास्ता पेठेतले टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३ पासून वैद्य घडवते आहे. शनिवार पेठेतील वैद्य प. य. खडीवाले यांनी वृत्तपत्रांतल्या लेखनातून, आणि कार्ल्याचे बालाजी तांबे (१९४०–२०२१) यांनी ग्रंथ व व्याख्यानांतून हा विषय घराघरांत नेला.

आज पाळताना घ्यायची काळजी

सैंधव मिठात आयोडीन मुद्दाम मिसळलेले नसेल तर ते पुरेसे नसते, म्हणून घरातले सगळे मीठ सैंधवावर नेऊ नये. चरकाने पिंपळी, क्षार आणि मीठ यांचा अतिरेक टाळायला सांगितला होता. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ अशी आहे. पळीभर तूप चालत्याफिरत्या शरीराला धरून सांगितले होते. बैठे काम, वाढलेले कोलेस्टेरॉल किंवा हृदयविकार असेल तर त्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. मधुमेहात मध आणि गूळ साखरेसारखेच मोजावेत. मध गरम करू नये हा ग्रंथातला नियम सर्वांना माहीत असतो. पण तान्ह्या बाळाला मध चाटवण्याची जुनी रीत मात्र सोडून द्यायला हवी, कारण मधात असू शकणाऱ्या जिवाणूंमुळे एक वर्षाच्या आतल्या बाळाला बॉट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो.