पॅराफिन मेण

पॅराफिन मेण हे खनिज तेलापासून मिळणारे, पांढरे, किंचित पारभासी, वास आणि चव नसलेले मेण आहे. ते एकच एक रसायन नसून संपृक्त हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते. त्यातील बहुतेक रेणूंत साधारण २० ते ४० कार्बन अणू सरळ साखळीत जोडलेले असतात. मिश्रण असल्यामुळे त्याला एक ठराविक वितळबिंदू नसतो. प्रकारानुसार ते साधारण ४६° ते ६८° से. या दरम्यान वितळते. साखळ्या जितक्या लांब, तितके मेण कठीण आणि वितळबिंदू वरचा.

मेण पाण्यात विरघळत नाही. बेंझीन, ईथर, झायलीन यांत विरघळते. घनता सुमारे ०.९ असल्याने पाण्यावर तरंगते. वीज त्यातून जवळजवळ वाहत नाही. आम्ल, अल्कली किंवा हवेतील ऑक्सिजन यांचा नेहमीच्या तापमानाला त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. वितळताना त्याचे आकारमान १० ते १५ टक्क्यांनी वाढते आणि गोठताना तेवढेच कमी होते. साच्यात ओतलेली मेणबत्ती निवू लागली की वातीभोवती खळगा पडतो तो याच कारणाने. कारागीर तो पुन्हा मेण ओतून भरून काढतात. एक ग्रॅम मेण वितळायला २०० ज्यूलच्या आसपास उष्णता लागते आणि गोठताना तेवढीच बाहेर पडते. इमारती व उपकरणे यांत उष्णता साठवण्यासाठी मेण वापरतात ते या गुणामुळे.

मेणबत्तीत घन मेण जळत नाही, द्रव मेणही जळत नाही. जळते ती त्याची वाफ. ज्योतीच्या उष्णतेने वितळलेले मेण वातीतून केशाकर्षणाने वर चढते, टोकाशी त्याची वाफ होते आणि ती वाफ पेट घेते. ज्योतीचा पिवळा उजेड तापून लाल-पिवळ्या झालेल्या काजळीच्या कणांचा असतो. फुंकर मारल्यावर वातीतून निघणारा पांढरा धूर म्हणजे थंड होऊन बारीक कणांत रूपांतर झालेली मेणाची वाफ. त्या धुरात जळती काडी धरली, तर ज्योत धुरावरून खाली उतरते आणि वातीला काडी न टेकवता वात पुन्हा पेटते. वाफेची भूमिका समजून घ्यायला इतका सोपा आणि खात्रीचा प्रयोग दुसरा नाही.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल फोन रायखेनबाख यांनी १८३० मध्ये लाकडाच्या डांबरातून हा पदार्थ प्रथम वेगळा केला. त्याला धंद्याचे रूप दिले ते स्कॉटलंडच्या जेम्स यंग यांनी. विशिष्ट प्रकारच्या कोळशाचे मंद तापमानाला ऊर्ध्वपातन करून तेल आणि मेण काढण्याचे पेटंट त्यांनी १८५० मध्ये घेतले. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात तेलविहीर खोदली गेल्यानंतर खनिज तेल हाच मुख्य स्रोत झाला. तोवर मेणबत्त्या चरबी, मधमाश्यांचे मेण किंवा व्हेलच्या डोक्यातून मिळणारे मेण यांच्या असत. चरबीच्या मेणबत्तीला दुर्गंधी येई, बाकीची दोन मेणे महाग पडत. पॅराफिन स्वच्छ जळे, पण उन्हाळ्यात मऊ पडून वाके. त्यात स्टिअरिक आम्ल मिसळल्यावर ही अडचण सुटली.

तेलशुद्धीकरण कारखान्यात मेण मुळात नकोसे असते. थंडीत ते गोठले की वंगणतेल घट्ट होते, आणि कच्च्या तेलाच्या पाइपलाइनीत आतल्या भिंतींवर त्याचे थर बसतात. म्हणून निर्वात ऊर्ध्वपातनातून मिळालेल्या वंगणतेलाच्या भागातून ते काढून टाकावे लागते. हे तेल मिथिल इथिल कीटोन व टोल्यूइन यांसारख्या द्रावकांत मिसळून शून्याखाली थंड करतात. तेल द्रावकात विरघळलेले राहते आणि मेणाचे स्फटिक वेगळे होतात. फिरत्या पिंपासारख्या गाळण्यांवर हे स्फटिक खरवडून घेतले की हाती येते ते स्लॅक वॅक्स. त्यात अजून बरेच तेल असते. ते द्रावकाने पुन्हा धुऊन, किंवा जुन्या पद्धतीत मेण हळूहळू तापवून तेल निथळू देऊन कमी करतात. पूर्ण शुद्ध मेणात तेल अर्ध्या टक्क्याहून कमी असते. शेवटी हायड्रोजनची प्रक्रिया करून किंवा शोषक मातीतून गाळून रंग आणि वास घालवतात. पेट्रोलियमच्या आणखी जड भागातून मिळणारे सूक्ष्मस्फटिकी मेण चिवट आणि लवचीक असते. ते वेगळा माल म्हणूनच विकले जाते.

वापराची यादी लांब आहे: मेणकागद, पुठ्ठ्याची खोकी, चीजवरचे आवरण, खडू-रंग, चिकटद्रव्ये, लाकडी भुशाच्या फळ्या, ओतकामाचे साचे, वेदनाशामक मेणस्नान. आगकाडीचे टोक पेटल्यावर ज्योत लाकडाने धरावी म्हणून काडीही मेणात बुडवलेली असते. मोटारीच्या थर्मोस्टॅटमध्ये धातूच्या कुपीत भरलेले मेण वितळून फुगते आणि झडप उघडते.

टायरमधील काम मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहे. हवेतील ओझोन रबराच्या रेणूतील दुहेरी बंध तोडतो आणि ताणलेल्या रबराला चिरा पडतात. रबरात मिसळलेले मेण हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ थर बनवते आणि ओझोनला अडवते. टायर सतत वाकू लागला की हा थर तुटतो, म्हणून सोबत इतर ओझोनरोधक रसायनेही घालावी लागतात. उभ्या गाडीचे रक्षण मेण करते, धावत्या गाडीचे ती रसायने.

रोगनिदानातही मेणावाचून चालत नाही. शस्त्रक्रियेत काढलेला ऊतीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवतात, अल्कोहोलने त्यातले पाणी काढतात, झायलीनने अल्कोहोल काढतात आणि मग ६०° से. च्या आसपास वितळलेले मेण त्यात मुरवतात. पाणी व मेण एकमेकांत मिसळत नसल्याने या पायऱ्या टाळता येत नाहीत. थंड झालेल्या ठोकळ्याचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप निघतात. ठोकळा नेहमीच्या तापमानाला अनेक वर्षे टिकतो, त्यामुळे जुने निदान पुन्हा तपासता येते.

भौतिकीतही मेणाने मोठी कामगिरी केली. बेरिलियममधून निघणारे अज्ञात प्रारण पॅराफिनमधून प्रोटॉन उडवते, हे १९३२ च्या आरंभी इरेन व फ्रेडरिक झोलिओ-क्यूरी यांनी दाखवले. त्याचा आधार घेऊन जेम्स चॅडविक यांनी त्याच वर्षी न्यूट्रॉनचा शोध लावला. १९३४ मध्ये एन्रिको फर्मी यांना दिसले की न्यूट्रॉनांचा स्रोत आणि चांदी यांच्या मध्ये मेण ठेवले की न्यूट्रॉनांनी चांदीत घडवलेला किरणोत्सर्ग कैक पटींनी वाढतो. मेणातील हायड्रोजनच्या केंद्रकांचे वस्तुमान जवळजवळ न्यूट्रॉनइतकेच असल्याने टकरींत न्यूट्रॉनांचा वेग झपाट्याने उतरतो, आणि मंद न्यूट्रॉन केंद्रकांत सहज शिरतात.

मेण हाताळताना खरा धोका आगीचा आहे. मेण थेट आचेवर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवावे. पेटलेल्या मेणावर पाणी कधीही टाकू नये. पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळते मेण चहूकडे उडते. झाकण टाकून हवा तोडणे हाच उपाय.

अलीकडे वंगणतेलाचे नवे कारखाने मेण गाळून काढत नाहीत, तर उत्प्रेरकाच्या साहाय्याने त्याच्या सरळ साखळ्यांना शाखा फोडून त्याचेच तेल करतात. जुन्या पद्धतीचे कारखाने बंद होत गेल्याने स्लॅक वॅक्सचा पुरवठा आटला. ती उणीव कोळसा व नैसर्गिक वायूपासून फिशर–ट्रोप्श प्रक्रियेने बनवलेले मेण आणि हायड्रोजन जोडून घट्ट केलेली सोया व पाम तेले भरून काढू लागली आहेत.