औषधांची अल्पखर्ची गुणवत्ता चाचणी

महागड्या यंत्रांशिवाय गोळ्या-कॅप्सूलमधील ढोबळ खोट हुडकण्याच्या पद्धती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या अंदाजानुसार अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहातले एक औषध निकृष्ट किंवा बनावट असते. अशा देशांसाठी जर्मनीतील ग्लोबल फार्मा हेल्थ फंडाने ‘मिनिलॅब’ ही पेटीत मावणारी प्रयोगशाळा तयार केली. मराठवाड्यात अन्न व औषध प्रशासनाची प्रयोगशाळा छत्रपती संभाजीनगरला आहे. किनवट किंवा उमरग्याहून ती लांब पडते. पण यातल्या बहुतेक चाचण्या जवळच्या फार्मसी महाविद्यालयातही होऊ शकतात.

आधी गोळ्यांच्या पाकिटावरचा मजकूर, बॅच नंबर आणि मुदत पाहतात. मग २० गोळ्या एकेक तोलतात. सरासरी वजन २५० मिग्रॅ किंवा जास्त असेल, तर ५ टक्क्यांहून अधिक फरक फार तर दोन गोळ्यांत चालतो. १० टक्क्यांहून अधिक एकीतही नाही. त्यानंतर ३७ अंश सेल्सिअसच्या १०० मिलि पाण्यात गोळी अधूनमधून हलवतात. साधी गोळी ३० मिनिटांत फुटून पसरली पाहिजे. गोळीवर आयोडीन टाकून निळा रंग आला की ‘नकली’ म्हणणारे भेटतात. पण आयोडीनने निळा होणारा स्टार्च अनेक अस्सल गोळ्यांतही भरणद्रव्य म्हणून असतो.

खरा भरवसा टीएलसीवर (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी: पट्टीवर चढणाऱ्या द्रावकाबरोबर घटक वेगवेगळ्या उंचीवर जातात). सिलिका जेलच्या पट्टीवर तळापासून १.५ सेंमीवर पेन्सिलीने रेघ ओढतात (पेनची शाई द्रावकाबरोबर वर चढते). नमुन्याच्या, म्हणजे विरघळवलेल्या गोळीच्या ठिपक्याशेजारी प्रमाणित (खात्रीच्या औषधाच्या) द्रावणाचे १०० आणि ८० टक्के ताकदीचे ठिपके देतात, प्रत्येकी २ मायक्रोलिटर. मग पट्टी द्रावकात उभी करतात, त्याची पातळी रेघेखालीच हवी. २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली हिरवट पट्टीवर काळसर डाग दिसतात. नमुन्याचा डाग भलत्याच उंचीवर असेल तर औषध वेगळे. ८० टक्क्यांच्या डागाहून फिका असेल तर मात्रा कमी.

मे महिन्यात नांदेड-परभणीकडे पारा चाळिशीपार गेला की मेथॅनॉल, इथिल ॲसिटेट ही द्रावके बघता बघता उडतात. मिश्रणाचे प्रमाण बिघडून डाग सरकतात. प्रमाणित द्रावणाचे बूच सैल राहिले तर द्रावण अधिक तीव्र होते आणि चांगले औषधही फिके दिसते. नमुन्याचे सैल राहिले तर उलटे, निकृष्ट औषध पास.

पॅरासिटामॉलची मात्रा यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रावण अतिनील प्रकाश किती शोषते ते मोजणारे यंत्र) मोजता येते. १५० मिग्रॅ पॅरासिटामॉल असलेली भुकटी ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडच्या ५० मिलिमध्ये घेऊन, १०० मिलि पाणी घालून १५ मिनिटे हलवतात. पाण्याने २०० मिलि करून गाळतात. त्यातले १० मिलि १०० मिलि करतात. त्यातले पुन्हा १० मिलि, तेवढ्याच हायड्रॉक्साइडसह, १०० मिलि. २५७ नॅनोमीटरवर पूर्ण मात्रेचे शोषण सुमारे ०.५४ येते, ९५ ते १०५ टक्के मात्रा ग्राह्य. इथे बोअरचे जड पाणी वापरले तर क्षार साचून द्रावण गढुळते, शोषण फुगते. डिस्टिल्ड पाण्याला पर्याय नाही.

सिरपमधील डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य अतिनील दिव्याखाली दिसत नाही. त्याच्या खात्रीसाठी गॅस क्रोमॅटोग्राफी लागते. शिवाय महाविद्यालयाच्या निकालावर खटला उभा राहत नाही. त्यासाठी औषध निरीक्षकाने रीतसर घेतलेला नमुना आणि सरकारी विश्लेषकाचा अहवाल लागतो. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ प्रमाणे ग्राहकालाही स्वतः विकत घेतलेले औषध शुल्क भरून त्या विश्लेषकाकडे तपासायला देता येते. बिल आणि न फोडलेले पाकीट त्यासाठी जपून ठेवावे.