ब्रेक धरून राहतोय? आधी जुने पॅड नीट पाहू

ब्रेक धरून राहणे म्हणजे पेडलवरून पाय काढल्यावरही पॅड (डिस्कवर घासून चाक थांबवणारे तुकडे) तिला घासत राहणे. त्यामुळे एकाच चाकाचे पॅड संपले आणि बाकीचे शाबूत असले, तर केवळ नवे पॅड टाकून दुरुस्ती होत नाही. मूळ दोष तसाच राहतो, नवे पॅडही तसेच झिजतात आणि पुढच्या वेळी डिस्कही बदलावी लागते. म्हणून गॅरेजमध्ये आम्ही आधी जुन्या पॅडची झीज वाचतो.

बहुतेक गाड्यांत पुढच्या कॅलिपरला (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाला) एकाच बाजूला पिस्टन असतो. तो आतल्या पॅडला ढकलतो आणि त्याच्या उलट रेट्याने अख्खा कॅलिपर दोन गाइड पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला ओढतो. पाय काढल्यावर पिस्टनभोवतीची चौकोनी छेदाची रबरी सील पिस्टनला किंचित मागे खेचते. या हालचालीत काय अडले, ते पॅडच्या जाडीवरून बरेचसे कळते.

आतला पॅड बाहेरच्यापेक्षा खूप झिजला असेल, तर पिस्टन गंजून मागे येत नाही किंवा पिना जाम झाल्यामुळे सगळे काम आतल्याच पॅडवर पडते. बाहेरचा जास्त झिजला असेल, तर कॅलिपर दाबताना सरकतो पण सुटताना परतत नाही, किंवा तो पॅड ब्रॅकेटच्या (पॅड धरणाऱ्या चौकटीच्या) खाचेत गंजाने अडकलेला असतो. एकच पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ दिसला, तर बहुधा दोनपैकी एक पिन अडकलेली असते. डाव्या आणि उजव्या चाकांत फरक असेल, तर मात्र घाई करू नये. जास्त झिजलेली बाजू दोषी असेलच असे नाही. दुसऱ्या बाजूचा कॅलिपर कामच करत नसेल, तर भार चांगल्या बाजूवर येतो. अशी गाडी ब्रेक मारताना चांगल्या बाजूकडे ओढते. ब्रेक न मारताही गाडी सतत एकाच बाजूला ओढत असेल, तर त्या बाजूचा ब्रेक धरून राहत असण्याची शक्यता जास्त. टायरमधील हवा आणि अलाइनमेंट मात्र आधी तपासून घ्यावी.

ब्रेक धरतो आहे हे घरीही ओळखता येते. पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून शक्य तितका कमी ब्रेक लावत थांबा आणि चारही चाकांजवळ हात नेऊन आच पाहा. डिस्कला किंवा रिमला हात लावू नका, भाजेल. पुढची चाके मागच्यांपेक्षा गरम असणे ठीक; पण पुढच्याच दोन चाकांत मोठा फरक असेल, जळका वास येत असेल किंवा एकाच रिमवर काळी पूड साचत असेल, तर गाडी दाखवा. जॅकवर उचललेल्या चाकातून हलका घासल्याचा आवाज येणे डिस्क ब्रेकमध्ये स्वाभाविक आहे. चाक हाताने फिरलेच पाहिजे.

आमच्याकडची मुख्य चाचणी अशी: गाडी स्टँडवर घेऊन ब्रेक दोन-तीनदा दाबून सोडायचा. चाक अडकले, की त्या कॅलिपरचा ब्लीडर निपल (ब्रेक ऑइल बाहेर सोडण्याची छोटी तोटी) किंचित उघडायचा. थोडे ऑइल उडून चाक लगेच मोकळे झाले, तर दाब आत कोंडला होता. मोकळे झाले नाही, तर दोष यांत्रिक: पिस्टन, पिना किंवा पॅडची बैठक. दाब कोंडलेला असेल, तर पुढची पायरी म्हणजे कॅलिपरकडे ऑइल नेणारा रबरी होज (लवचिक नळी) जिथे लोखंडी नळीला जोडला जातो, तो जोड सैल करणे. तिथे चाक सुटले नाही आणि निपलपाशीच सुटले, तर होज आतून सुजलेला असतो. असा होज बाहेरून नवा दिसतो, त्यामुळे तो सर्वांत जास्त वेळा नजरेतून सुटतो. पायाच्या जोरामुळे ऑइल आत जाते, पण परतीचा दाब कमी असल्याने ते अडते. एकाच वेळी सगळी चाके धरत असतील, तर पेडलचा मोकळा खेळ आणि मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइलवर दाब आणणारा भाग) पाहावे लागते. ब्रेक ऑइलमध्ये चुकून इंजिन ऑइल पडले असेल, तर रबर फुगते आणि सर्व सीलांचे नुकसान होते.

मागच्या चाकांत ड्रम असेल, तर हँडब्रेकची केबल गंजून परतत नाही किंवा ब्रेक शू (ड्रमला आतून घासणारे भाग) गरजेपेक्षा जवळ लावलेले असतात. हँडब्रेकची यंत्रणा ज्यांच्या आतच असते, अशा अनेक मागच्या कॅलिपरचा पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो. सरळ दाबला तर आतली यंत्रणा तुटते.

पिना साफ करून त्यांना रबराला चालणारे खास ग्रीस लावतो. साधे पेट्रोलियम ग्रीस रबर फुगवते आणि काही काळाने पिन पुन्हा जाम होते. दोन्ही पिना सारख्या नसतील, तर त्यांची जागा बदलत नाही. पॅड एका अ‍ॅक्सलचे दोन्ही बाजूंचे एकदम बदलतो. पॅडवरचे घासणारे मटेरियल 3 मिमीपर्यंत आले, की पॅड बदलावेत, आणि डिस्क तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा पातळ असेल, तर ती पुन्हा बसवत नाही.

धरलेला ब्रेक घेऊन लांबचा प्रवास करू नका. डॉट 4 प्रतीचे ब्रेक ऑइल नवे असताना किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषल्यावर ही मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते. तापलेल्या कॅलिपरमध्ये ते उकळले, की वाफ होते आणि पेडल तळाला जाते. म्हणूनच साधारण दर दोन वर्षांनी, किंवा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत, ऑइल बदलून घ्या.

काम झाल्यावर जुने पॅड आम्ही डावा-उजवा, आतला-बाहेरचा अशी खूण करून गाडीसोबत परत देतो. ते फेकण्याआधी शेजारी शेजारी ठेवून जाडी पाहा आणि फरक का पडला, ते आम्हाला जरूर विचारा.