होम, लाइट, थर्ड : डायलवरच्या तीन नावांचा एक दिवस
(ब्रिटिश व्हॉल्व्ह रेडिओ घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

तुमच्या रेडिओच्या काचेवर पॅरिस, हिल्व्हर्सम अशा गावांच्या रांगेत ‘होम’, ‘लाइट’ आणि ‘थर्ड’ हे शब्द दिसतील. ती गावं नाहीत, बीबीसीच्या तेव्हाच्या तीन रेडिओ सेवा होत्या. होम म्हणजे बातम्या, प्रार्थना, शाळांचे पाठ, नाटकं. लाइट २९ जुलै १९४५ ला सुरू झाली. तिच्यावर गाणी, मालिका, करमणूक. थर्ड २९ सप्टेंबर १९४६ पासून, गंभीर संगीत आणि व्याख्यानांसाठी, तीही फक्त संध्याकाळी सहा ते मध्यरात्र.

काच कधीची आहे ते आकड्यांवरून कळतं. १५ मार्च १९५० ला युरोपभर तरंगलांबी बदलली. लाइट २६१ मीटरवर छापली असेल तर काच त्याआधीची, २४७ वर असेल तर नंतरची. लाइटचे लाँग वेव्हवरचे १५०० मीटर मात्र तेच राहिले. जहाजांसाठीचा हवामान अंदाज तिथूनच जायचा, कारण लाँग वेव्ह समुद्रावर लांबपर्यंत पोहोचते. भारतात लाँग वेव्हवर प्रसारण नाही. त्या पट्ट्यावर खरखर आली तर रेडिओ बिघडला असं समजू नका. बहुधा जवळचा चार्जर किंवा एलईडी दिवा बोलतो आहे.

दिवस कसा मांडावा

त्या काळचा दिवस ऐकायचा तर पाठीमागच्या पिकअप सॉकेटमधून (ग्रामोफोन जोडायची जागा) रेकॉर्डिंग द्यावं लागतं. आधी तारीख ठरवा. बीबीसीच्या प्रोग्रॅम इंडेक्स या संकेतस्थळावर ‘रेडिओ टाइम्स’ या साप्ताहिकातल्या कार्यक्रमांच्या छापील याद्या तारखेनुसार पाहता येतात. आमचा सल्ला १९५२ मधला एखादा साधा कामाचा वार निवडण्याचा आहे, कारण तोवर नेहमीच्या मालिकांच्या वेळा बसल्या होत्या.

सकाळी सात आणि आठच्या बातम्या होमवर. नऊ वाजून दहा मिनिटांनी लाइटवर ‘हाउसवाइव्ह्ज चॉइस’, म्हणजे श्रोत्यांच्या फर्माइशी. सव्वादहाला होमवर रोजची प्रार्थना, साडेदहाला लाइटवर ‘म्यूझिक व्हाइल यू वर्क’.

या अर्ध्या तासाकडे नीट लक्ष द्या. जून १९४० मध्ये युद्धसामग्रीच्या कारखान्यांसाठी तो सुरू झाला. कर्ण्यातून येणारं संगीत यंत्रांच्या आवाजावर मात करून ऐकू यायला हवं, म्हणून चाल ठसठशीत, आवाजाची पातळी एकसारखी, एकामागून एक धुना सलग. ‘डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस’ हे गाणं तर वर्ज्य केलं होतं, कारण त्यातल्या टाळ्यांच्या जागी कामगार हातातली अवजारं आपटायचे. रोजचे बहुतेक कार्यक्रम थेट व्हायचे आणि फार थोडे जतन झाले. ही जागा भरताना गायन नसलेलं हलकं वाद्यवृंद संगीतच घ्या. मध्येच हळू होणारी धून घातली की सगळा परिणाम जातो.

दुपारी पावणेदोनला ‘लिसन विथ मदर’, लहानग्यांसाठी पंधरा मिनिटं, आणि लगेच दोनला ‘वुमन्स अवर’. मुलाला गोष्ट ऐकवून झाली की आईची वेळ, असा हा क्रम. दिवसातला सगळ्यात नेटका जोड आम्हाला हाच वाटतो, तेव्हा हे दोन तुकडे तोडू नका. चारच्या सुमारास डॉक्टरच्या बायकोच्या रोजनिशीची मालिका ‘मिसेस डेल्स डायरी’. चुकली तर दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पुन्हा. पाच वाजता होमवर ‘चिल्ड्रन्स अवर’, सहाला बातम्या. पावणेसातला लाइटवर ‘द आर्चर्स’. अन्नधान्याचं रेशनिंग चालू असताना शेतकऱ्यांपर्यंत नवी माहिती पोहोचावी, म्हणून कुटुंबाच्या गोष्टीत ती गुंफली होती. रात्री नऊला होमवर बिग बेनचे ठोके आणि बातम्या.

रात्री हसायचं असेल तर होमवरचा ‘द गून शो’ घ्या. तो आठवड्यातून एकदाच असे. त्याचा मुख्य लेखक स्पाइक मिलिगन १९१८ मध्ये अहमदनगरला जन्मला आणि लहानपणी पुण्यात राहिला.

तासाच्या टोल्याआधी ग्रीनिचचे सहा ‘पिप’ (वेळ सांगणारे बारीक आवाज) घालणार असाल तर शेवटचा पिप कानांनी तपासा. तो लांब असेल तर रेकॉर्डिंग १९७१ च्या अखेरीनंतरचं. १९५२ मध्ये सहाही सारखेच आखूड होते.

जोडणी

एसी/डीसी प्रकारच्या सेटमध्ये चेसिस, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट मेन्सच्या (घरातल्या विजेच्या) एका तारेला जोडलेली असते. मोबाइल सरळ पिकअप सॉकेटला कधीही लावू नका, शॉक बसू शकतो. आम्ही दिलेल्या डबीत १:१ ऑडिओ ट्रान्सफॉर्मर आहे; जोडणी तिच्यातूनच करा. डावा-उजवा आवाज एकत्र करण्यासाठी आत एक-एक किलोओहमचे दोन रेझिस्टर आहेत. दुसरी वायर करून घ्याल तेव्हा दोन्ही बाजू नुसत्या पिळून जोडू नका, मोबाइलच्या आउटपुटवर ताण येतो. बँड स्विच ‘ग्राम’वर (ग्रामोफोनच्या खुणेवर) ठेवा. मोबाइल चार्जिंगला असेल तर गुणगुण येते, तो काढून ठेवा.

मागच्या व्होल्टेजच्या खुंटीला हात लावू नये. आम्ही ती २४०–२५० वर ठेवतो. खालच्या आकड्यावर नेली तर व्हॉल्व्हमधल्या तापणाऱ्या तारा (फिलामेंट) जादा तापतात आणि व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं.

आवाज यायला अर्धा मिनिट लागतो, म्हणून कार्यक्रमाच्या एक मिनिट आधी सेट चालू करा. सेट साधारण ५० वॅट घेतो. सतरा तास चालला तरी एक युनिटही होत नाही. तरीही सलग चालवू नका. सकाळी नऊ ते सव्वाअकरा, दुपारी पावणेदोन ते तीन, संध्याकाळी पाच ते सव्वानऊ अशा तीन बैठका पुरतात. मागे भिंतीपासून दहा सेंटिमीटर जागा हवी.

तासाभरानंतर आवाज फाटू लागला, तर बहुधा आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (आवाजाचा सिग्नल घेणाऱ्या टोकाला) येणारा कंडेन्सर गळतो आहे, म्हणजे नको तो करंट पुढे सोडतो आहे. त्यामुळे त्या व्हॉल्व्हमधून जादा करंट जातो आणि पुढे आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. सेट लगेच बंद करून आमच्याकडे आणा. कंडेन्सर स्वस्त आहे, ट्रान्सफॉर्मर मिळवायला वेळ लागतो.

रात्री सेट बंद केल्यावर त्यावर विणलेला रुमाल घालण्याआधी अर्धा तास थांबा.